डावीकडून येणारा ठोसा

जेवणाच्या सुट्टीत लॉकरमधून मोबाइल काढला तेव्हा त्यावर चाचीचे तीन मिस्ड कॉल होते. चाची स्वतःहून कधी फोन लावत नाही. फोन करायचा म्हणजे काहीतरी घडलेलं असावं लागतं, असं तिचं मत. त्यामुळे मला कळलं. कळलं, आणि तरी मी लगेच फोन केला नाही. आधी डबा उघडला, भात खाल्ला, हात धुतले, डबा धुतला, झाकण दोनदा घासलं. मग जिन्याखाली जाऊन नंबर लावला. "तुझे चाचा गेले वं," चाची म्हणाली. "पहाटं, फजरच्या नमाजानंतर. अकोल्याले नेऊन राह्यलो." मी निघू का म्हणून विचारलं. तिरुपूरहून तू कधी पोचशील, तोवर दफन होऊन जाईल, त्यापेक्षा चाळिसाव्या दिवसाच्या दुआला ये, असं ती म्हणाली. मी परत मशीनवर जाऊन बसले आणि सुट्टी होईपर्यंत टी-शर्टच्या बाह्या जोडत राहिले. त्या दिवशी तपासणीतून माझा एकही नग परत आला नाही. याचं मला अजून नवल वाटतं, आणि थोडी लाजही.

रशीदचाचा नात्यानं माझे कोणी नव्हते. अमरावतीला त्यांच्या घरामागची खोली मी भाड्यानं घेतली होती. मी दर्यापूरकडच्या एका खेड्यातली. नववीत असताना आई अंथरुणाला खिळली, घरात धाकटी दोघं होती, तेव्हा शाळा सुटली ती सुटलीच. पुढं लग्न झालं, ते टिकलं नाही, आणि नांदगाव पेठेला कपड्याच्या कारखान्यात शिलाईच्या लाइनवर काम मिळालं म्हणून अमरावतीत आले. तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. सुपरवायझरची, ऑटोवाल्याची, बँकेतल्या फॉर्मची. खोली पाहायला गेले तर चाचांनी कामाचं विचारलं नाही, नवऱ्याचं विचारलं नाही. विचारलं काय, तर सिनेमा पाहते का. मला वाटलं, बाई कशी आहे ते तपासून राहिले. मी घाईनं नाही म्हटलं. ते खट्टू झाले. तेवढ्यात चाची आतून म्हणाली, "हो म्हण वं पोरी, नाहीतर हा माणूस खोली देत नाही तुले." म्हणून मी हो म्हटलं. चाचांशी माझी ओळख अशी एका खोट्यापासून सुरू झाली.

अकोल्याच्या एका टॉकीजमध्ये त्यांनी तीस वर्षं ऑपरेटरचं काम केलं होतं. टॉकीज बंद पडली, तिथं गोदाम झालं, आणि मुलंबाळं नसलेली ही दोघं चाचीच्या माहेरच्या जुन्या घरात अमरावतीला आली. सिनेमा पेट्यांमधून यायचा, रिळं नंबरानं लावून ठेवायची, एका मशीनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकतो, तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं, हे सगळं ते असं सांगायचे की जणू दुपारच्या खेळाला अजून जायचं आहे. तीस वर्षांत एकदाही रीळ मागंपुढं झालं नाही, हा त्यांचा मोठा अभिमान. दुसऱ्या टॉकीजमध्ये एका ऑपरेटरनं मेलेला बाप पुढच्या रिळात जेवायला बसवला होता, तो किस्सा ते दर महिन्याला सांगायचे आणि दर महिन्याला चाची म्हणायची, "झालं, जेवला बाप. आता तुमी जेवा." मशीनच्या खोलीत इतका आवाज असायचा की डायलॉग ऐकूच यायचे नाहीत. चाचा म्हणायचे, लोकांनी सिनेमा ऐकला, मी नुसता पाहिला. नट रडतो तेव्हा तोंड सगळेच पाहतात, तू त्याचे हात पाह्य.

रविवारी मला सुट्टी असायची. दुपारी चाची हाक मारायची, मी पुढच्या खोलीत जाऊन बसायचे. चाचांकडं सीडीचा जुना प्लेअर होता, आणि बंद होणाऱ्या सीडीच्या दुकानांतून उचललेल्या सीड्यांचं एक गाठोडं. सिनेमा सुरू झाला की त्यांचे प्रश्न सुरू. काय दिसून राह्यलं? उजेड कोणीकडून येते? कॅमेरा खालून पाहते का वरून? तो दारात उभा हाये का दाराच्या अलीकडं? सुरुवातीला मी घाबरायचे. शाळेत प्रश्न विचारला की मी खाली पाहायचे, तशी इथंही पाहायचे. पण चाचा थांबून राहायचे, कंटाळायचे नाहीत. चूक सांगितलं तरी चूक म्हणायचे नाहीत, पुन्हा विचारायचे, नीट सांग, बारीक सांग. हळूहळू मला सांगता येऊ लागलं. हे फक्त सिनेमापुरतं राहिलं नाही. कारखान्यात एकदा माझ्यावर खोटा ठपका आला, तेव्हा कोण कुठं उभं होतं, कापडाचा गठ्ठा कोणाच्या हातात होता, हे मी मॅनेजरसमोर एका दमात सांगितलं. घरी येऊन चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, पाह्य, तुले शॉट लावता येऊन राह्यला.

त्या गाठोड्यात बॉक्सिंगचा एक सिनेमा होता. काळापांढरा, परदेशी. कोणत्या देशाचा ते मला आजही ठाऊक नाही. पात्रं बोलायची ती भाषा आम्हा दोघांनाही येत नव्हती आणि खाली येणारं इंग्रजी वाचेपर्यंत पुसलं जायचं. म्हणून तो आम्ही नुसता पाहिला, चाचांच्या भाषेत. दोन सीड्या होत्या, चाचांनी आपल्या हातानं लावल्या. सिनेमा सुरू झाला तोच एक माणूस रिकाम्या हॉलमध्ये झाडू मारताना. झाडताना तो रिंगच्या दोरीला एक हात लावून चालतो. थोड्या वेळानं समजतं की हा एके काळचा मोठा बॉक्सर, आता डाव्या डोळ्यानं आंधळा. त्याचा भाऊ त्याला शोधत येतो आणि काही न बोलता त्याच्या डाव्या बाजूला बाकावर बसतो. मग पडदा काळा होतो, चाचा सीडी बदलतात, वाजंत्री वाजते, नटांची नावं येतात, आणि तोच माणूस तरणाबांड, तेल लावलेल्या अंगानं, लोकांच्या खांद्यावर. मला वाटलं, काय अक्कल आहे बनवणाऱ्याची... नावं मधोमध टाकली. आधी माणसाचं काय झालं ते दाखवलं, मग तो काय होता ते.

त्या सिनेमाबद्दल मी जितकं बोलले तितकं आयुष्यात कशाबद्दल बोलले नव्हते. पूर्ण एकदाच पाहिला, पण नंतर कित्येक रविवार त्यातले तुकडे मागंपुढं करून पाहत होतो. पहिल्या लढतीत कॅमेरा दोरीच्या बाहेर लांब उभा आहे, आपण तिकीट काढून बसल्यासारखे पाहतो. दोघांचे पाय दिसतात, पंच दिसतो, गर्दी दिसते. पुढच्या लढतीत कॅमेरा दोरीच्या आत येतो. आणि तिथून एक गोष्ट सुरू होते, ती माझ्या लक्षात चौथ्या वेळी आली. पडद्याची डावी बाजू काळी पडत जाते. कधी तिथं खांब असतो, कधी कोणाचा खांदा, कधी नुसता अंधार. ठोसे त्याच अंधारातून येतात. हात दिसत नाही, नुसता ठोसा येऊन आदळतो. मी चाचांना म्हटलं, हे त्याला जसं दिसतं तसं आपल्याला दाखवून राहिले, त्याचा डोळा आताच गेला, आणि त्यानं अजून कोणाला सांगितलं नाही. चाचांनी सिनेमा थांबवायला लावला. मग म्हणाले, कोणाले सांगितलं नाही हे कशावरून?

मी म्हटलं, भावावरून. भाऊच त्याला शिकवायचा, आणि आता हरघडी त्याच्या डावीकडं येऊन उभा राहायचा. जिन्यावर डावीकडं, रस्त्यावर डावीकडं. त्याला ओळखू आलं होतं. बॉक्सरला वाटायचं, हा पहारा ठेवतो. तो भावाला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलतो, हाकलून देतो. भाऊ वळतो आणि डाव्या बाजूनं निघून जातो, आणि कॅमेरा त्याच्यामागं वळत नाही. एका पावलात माणूस दिसेनासा. लोक म्हणतील, केवढा घमेंडी माणूस. मला तसं वाटलं नाही. त्याला घमेंड नव्हती, त्याला भीती होती. दिसत नाही हे एकदा तोंडातून गेलं की लोक त्याला हातमोजे घालू देणार नव्हते, आणि हातमोज्यांशिवाय आपण कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. मी भित्री आहे, मला भीती लवकर ओळखू येते. एका जागी तो टेबलावर डावीकडं ठेवलेला कप घ्यायला हात पुढं करतो. हात थेट कपाकडं जात नाही, टेबलावरून सरकत सरकत जातो, बोटाला कप लागला की थांबतो. कॅमेरा तोंडावर जातच नाही, हातावरच राहतो. मी म्हटलं, "चाचा, तो शोधून राह्यला. त्याले कप दिसत नाही." चाचा म्हणाले, "बंद कर आता. चहा घेऊ." चाचीनं चहा आणला, त्यांच्या उजव्या हाताशी बशी ठेवली, आणि नेहमीसारखा तिच्यावर कप दोनदा टकटक वाजवला.

अमरावतीत काही प्राध्यापक मंडळी एक चित्रपट मंडळ चालवतात. ऑपरेटरच्या जुन्या गोष्टी सांगायला त्यांनी चाचांना दोनदा बोलावलं होतं. चाचांनी त्यांना सीडीचं वेष्टन नेऊन दिलं, हा सिनेमा कुठून तरी मिळवून लावा म्हणाले, आणि यावर आमची वंदना बोलेल असंही सांगून आले. मी म्हटलं, नववीत शाळा सुटलेली बाई तिथं काय बोलणार. ते म्हणाले, तुले जे दिसलं ते सांग, बाकी त्यायले जे दिसलं ते ते सांगतील. मी पंधरा दिवस लिहीत होते. सिनेमा शनिवारी संध्याकाळी होता आणि चर्चा रविवारी सकाळी. शनिवारी माझी दुसरी पाळी होती, म्हणून मला तो तिथं पाहता आला नाही. चाचाही गेले नाहीत. गुडघा दुखते म्हणाले. अंधारून आल्यावर ते कुठं जातच नव्हते, याचा मी तेव्हा विचार केला नव्हता.

रविवारी हॉल भरला होता. मी चार कागद हातात घेऊन उभी राहिले. पहिलं पान बरं गेलं, लोक मान हलवत होते. मग मी म्हटलं, या सिनेमाची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सुरुवातीलाच झाडू मारणारा आंधळा माणूस दाखवलाय, आणि नावं मधोमध टाकलीत, म्हणून पुढं तो जिंकताना आपल्याला आनंद होत नाही, त्याचं पुढं काय होणार ते आठवतं. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. पुढं बसलेले एक सर फार हळू, समजावल्यासारखे म्हणाले, "ताई, तुम्ही दुसरी सीडी आधी लावली असेल." मग सगळेच हसले. त्यात कोणी वाईट नव्हतं. मीही तिथं असते तर हसले असते. पण मी चाचांकडं पाहिलं. शेवटच्या रांगेत चाचीशेजारी बसले होते. सीडी त्यांनी लावली होती. एवढंच म्हणायचं होतं त्यांनी, की लावली मी, पोरीची चूक नाही. ते समोर पाहत राहिले. माझ्याकडंही पाहिलं नाही. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवले आणि खाली बसले.

ऑटोत मी बाहेर तोंड करून बसले. मला वाटत राहिलं की त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. ज्यानं तीस वर्षं रिळं लावली, त्याला उलटी सीडी कळत नाही? आपल्याला येडं बनवलं यांनी, इतके रविवार. खाली दक्षिणेत तिरुपूरला शिवणाऱ्या बाया पाहिजेत म्हणून एक ठेकेदारीण आमच्या कारखान्यात चकरा मारत होती. आठवड्याच्या आत मी तिला हो म्हटलं. किल्ली चाचीच्या हातात दिली. चाचा पुढच्या खोलीत बसले होते, मी मागच्या दारानं गेले. दोन वर्षं होत आली त्याला.

चाळिसाव्याला मी अकोल्याला गेले. चाची आता भावाच्या घरी असते. इद्दतचे, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं घरातच राहायचे दिवस असल्यामुळं ती आतल्या खोलीत, बाहेर दुआ आणि जेवणाची गडबड. मला पाहून ती रडली नाही. म्हणाली, वाळली किती, तिथं काय भातच खाते का नुसता. मग बाकीच्या बाया जेवायला उठल्या तेव्हा तिनं मला जवळ बसवलं, आणि मी काही विचारायच्या आधीच सांगायला लागली. चाचांचा डावा डोळा टॉकीजच्या शेवटच्या वर्षीच गेला होता, शुगरनं. उजव्यानंही, मी राहायला आले तेव्हा, उजेड आणि हालचाल तेवढी कळायची, माणूस ओळखायचे ते आवाजावरून. घराबाहेर कोणाला सांगायचं नाही अशी त्यांनी तिला शपथ घातली होती. ऑपरेटरला दिसत नाही, हे त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

मी म्हटलं, मग रविवारी ते काय पाहत होते?

"तू सांगे ते," चाची म्हणाली. "तुयाच डोळ्यानं पाहे तो. तू यायच्या आधी दोन वर्षं गाठोडं उघडलं नव्हतं त्यानं."

मंडळातून परत आल्यावर, मी मागं खोलीत दार लावून बसले होते तेव्हा, ते पुढं दोन्ही सीड्या हातात घेऊन बोटानं चाचपत बसले होते म्हणे. एक आणि दोन आकडा छापलेला असतो, बोटाला लागत नाही. रीळ मागंपुढं झालं माझ्याच्यानं, एवढंच दोन-तीनदा म्हणाले. मी विचारलं, मग तिथं उठून बोलले का नाहीत? चाची म्हणाली, उठला होता अर्धा, मीच हात धरला होता त्याचा, मले वाटलं तोल गेला. मग बसला तो बसलाच. उठला असता तर काहून चुकलं तेही सांगा लागलं असतं. मग ती म्हणाली, तो म्हणे की वंदनानं पाह्यला तोच सिनेमा बराबर होता. मले काय समजते बाप्पा त्यातलं.

परतीच्या गाडीत दोन दिवस मी एकच हिशोब लावत होते. चाची कप दोनदा का वाजवायची. रस्त्यानं चालताना ती त्यांच्या डावीकडंच का असायची. प्रश्न विचारून थांबून राहणं, बारीक सांग म्हणणं... मला वाटलं होतं ते मला शिकवत होते. ते तहानलेले होते. आणि तरी शिकवणंही खरंच होतं, कारण शिकले मी. चार लोकांत उभं राहून एका परदेशी बॉक्सरचा लपवलेला डोळा मी ओळखला, पडद्याच्या कोणत्या बाजूला अंधार आहे ते सांगितलं, कपाकडं सरकणारा हात दाखवला. शेजारी बसलेला माणूस मला दिसला नाही. मंडळातल्या लोकांनी पाहिला त्या सिनेमात शेवटी भाऊ येऊन शेजारी बसतो. आम्ही पाहिला त्यात ते आधीच होऊन गेलेलं असतं, आणि शेवटी तो निघून जातो.

मी अमरावती सोडून तिरुपूरला आल्यावर चाचांचा मला एकदाच फोन आला होता, रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी. चाचीनं लावून दिला असणार. मी उचलला, कारण न उचलण्याइतका धीर नव्हता. तब्येत विचारली, शिरखुर्मा पाठवता येत नाही म्हणाले. मंडळाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. मग त्यांनी विचारलं, "खिडकीतून काय दिसते तिथं?" मी म्हटलं, भिंत. ते म्हणाले, "कशी हाये भिंत? उजेड कोणीकडून येते?" मी म्हटलं, चाचा, मले ड्युटी हाये. त्या दिवशी मला ड्युटी नव्हती. आमचं शेवटचं बोलणं ते.

भिंत पिवळी आहे, शेजारच्या रंगाईच्या कारखान्याची. खाली हातभर ओल चढलेली आहे. उजेड सकाळी उजवीकडून येतो, आधी वरच्या पाइपावर पडतो, मग पाइपाची सावली तिरकी होत खाली उतरते. पाइपाच्या बेचक्यात कबुतरानं काड्या आणून ठेवल्यात, पण कबूतर आता तिथं नाही. दहाच्या सुमाराला एक बाई गच्चीवरून रंगीत सुताच्या लडी वाळत सोडते. तिचं तोंड दिसत नाही, नुसते हात दिसतात. आज लाल सोडल्यात. त्यांचं पाणी भिंतीवरून ओघळतंय, अर्ध्यापर्यंत आलंय.